खाडीपलीकडचा डॉक्टर

बायकोच्या पोटातलं चांगलं धडधाकट अपेंडिक्स काढून टाकायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे ओरडत मी एकटाच होतो. ती इथे आयर्लंडात, गॉलवेच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा, घरून डबे करून विकतो. तिची निवड झाली होती अंटार्क्टिकावरच्या एका संशोधन तळावर, तिथल्या अख्ख्या हिवाळ्यासाठी. तळावर डॉक्टर एकच असतो. त्याचंच अपेंडिक्स सुजलं तर त्याचं पोट कोण उघडणार? म्हणून जायच्या आधी ते काढूनच टाकायचं, असा नियम.

"डोंबलाचा नियम!" मी म्हणालो. "जिथे जायला आधी पोट फाडून घ्यावं लागतं, तिथे माणसाने जावंच कशाला?"

"अरे, छोटंसं ऑपरेशन असतं. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या पोरांसारखं. "शी विल बी ग्रँड, बाबा," म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये घुसली. ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत झकास! या देशात घराला आग लागली तरी लोक ग्रँडच असतात.

मला काही ग्रँड वाटत नव्हतं. शेवटचं जहाज निघून गेलं की तिथला समुद्र गोठतो. मग तिथला पुढचा उन्हाळा जवळ येईपर्यंत ना कुणी येऊ शकत, ना कुणी जाऊ शकत. कुणी मेलं तरी नाही. हे तळवाल्यांनी घरच्यांसाठी ठेवलेल्या मीटिंगमध्ये एका बाईंनी चक्क हसत-हसत सांगितलं.

मग मी एक डाव टाकला. आमच्या शेजारी एक म्हातारबाबा राहतात, नव्वदीला टेकलेले. तरुणपणी ते इंग्रजांच्या नोकरीत अंटार्क्टिकावर वायरलेस सांभाळायचे. आयरिश माणूस, आणि इंग्रजांच्या झेंड्याखाली! यावरून त्यांचे वडील त्यांच्याशी बोलेनासे झाले होते म्हणे. मी वरण-भात घेऊन गेलो की ते गप्पा मारत, पण तिथली गोष्ट निघाली की एवढंच म्हणत, "आमच्यामुळे एक माणूस तिथेच राहिला." मला वाटलं, हेच जर हिच्यासमोर सविस्तर सांगितलं तर हिच्या डोक्यातलं खूळ उतरेल. मी त्यांना जेवायला बोलावलं. पुऱ्या केल्या, बटाट्याची भाजी केली आणि विषय मीच काढला.

ते बोलले इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच आठवतं. "तेव्हा तिथे नुसती चढाओढ चाललेली," ते म्हणाले. "इंग्रज म्हणत जमीन आमची, अर्जेंटिनावाले म्हणत आमची, चिलीवाले म्हणत तुमच्या दोघांचीही नाही. जमीन कसली, बर्फच तो. पण जिथे आपली माणसं बारा महिने राहतात ती जागा आपली, असा सगळा हिशोब. आम्ही हवामान मोजायचो, दगड गोळा करायचो, ते खरंच. पण मुळात काम एकच, तिथे जिवंत असायचं. चार माणसं आणि एक लाकडी खोपटं. डॉक्टर नाही. डॉक्टर होता तो खाडीपलीकडे, अर्जेंटिनाच्या तळावर."

हिवाळ्यात त्यांच्यातल्या एकाचं अपेंडिक्स सुजलं. वरिष्ठांकडून काही उत्तर येईना, तेव्हा त्यांनी सरळ खाडीपलीकडे वायरलेस लावला. डॉक्टर गोठलेल्या समुद्रावरून, औषधांची पेटी छोट्या घसरगाडीवर ओढत, एकटा चालत आला.

"आल्या-आल्या त्याने काय करावं? खिशातून निषेधाचा कागद काढून आमच्या प्रमुखाच्या हातात दिला. तुम्ही आमच्या देशाच्या भूमीवर बेकायदा राहता आहात! प्रमुखानेही आपला तसलाच कागद त्याला दिला. रीतच होती ती. भेटलो की आधी निषेध, मग कॉफी. मग त्याने हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावर त्या आजाऱ्याचं पोट उघडलं." त्यांनी पुरीचा तुकडा मोडला. "परत जाताना खाडीच्या मध्यावर बर्फ फुटला. बाकीचे दारात उभे राहून बघत होते. होता, आणि मग नव्हता."

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, आता बोल!

"आणि पेशंट?" तिने विचारलं.

म्हातारबाबा टेबलाला धरून उठले. स्वेटर आणि सदरा वर केला. उजव्या कुशीवर जाडजूड, वाकडा व्रण होता. बायकोने खाली वाकून तो नीट पाहिला. "चांगलं काम केलंय," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी आणखी पुऱ्या वाढल्या. माझा डाव माझ्यावरच उलटला होता. आठवडाभरात ती अपेंडिक्स काढून आली आणि दिवाळी झाल्यावर, तिकडे उन्हाळा असतानाच, गेलीसुद्धा.

शेवटचं जहाज तिथून परत निघाल्याचं कळलं, तेव्हा म्हातारबाबा काठी टेकत आमच्या स्वयंपाकघरात आले. मी डबे भरत होतो.

"त्या जेवणानंतर तुझी बायको माझ्याकडे आली होती," ते म्हणाले. "तिला एकच विचारायचं होतं. बर्फ कच्चा आहे हे त्या डॉक्टरला माहीत होतं का?"

"होतं?"

"येतानाच त्याचा पाय आत गेला होता. गुडघ्यापर्यंत भिजून आला होता. आम्ही थांब म्हणालो. पण त्याच्या तळावरही कुणीतरी तापाने फणफणत होतं. तो कपडे वाळायचीही वाट न बघता निघाला."

"मग ही काय म्हणाली?"

"मीही निघाले असते, म्हणाली. आणि जहाज परत फिरेपर्यंत तुला सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं."

माझं डोकंच सणकलं. हातातला आमटी वाढायचा डाव जोरात ओट्यावर आपटला, आमटी भिंतीवर उडाली. "मग आता तरी कशाला सांगितलंत? आता मी काय करू शकतो?"

"काही नाही," ते म्हणाले. "पण आपण कुणाची वाट बघतोय, हे माणसाला माहीत असावं."

मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

आता जून आहे. इकडे जेवणं उरकली तरी उजेड असतो, तिकडे सूर्य उगवतच नाही. ती जमीन कुणा एकाची नाही, असा करार कधीच झाला, पण तळांवर तळ पडतातच. काल फोनवर ती बोलता-बोलता म्हणाली, खाडीपलीकडे दुसऱ्या एका देशाने या वर्षी नवा तळ टाकलाय. त्यांचा डॉक्टर आजारी होऊन शेवटच्या जहाजाने परत गेला. आता दोन्हीकडे मिळून डॉक्टर ती एकटीच.

"बर्फ कसा आहे?" मी विचारलं.

ती लेकीच्या परीक्षेचं विचारू लागली.