टकल्या डोंगरावरून वाशीमला आरसा

इयत्ता चौथीला मी पर्वत शिकवतो. पण परवापर्यंत माझी पर्वताशी ओळख नकाशावरच्या तपकिरी रंगापुरतीच होती. आमची सौभाग्यवती रिसोडची, तिचं विचारणं सरळ. जेवायला वाढता वाढता म्हणाली, “पहाडावर कधी चढले काय तुमी?”

“येत्या रविवारी चढतो,” मी म्हणालो.

“मंग मलेही न्या.”

ते बायकांचं काम नाही, असं मी म्हणून बसलो. तिला खरोखरच यायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटी ठरलं ते असं. तिचा हातआरसा घेऊन मी टकल्या डोंगरावर जायचं आणि बरोबर बाराला माथ्यावरून वाशीमकडे चमकवायचा. ती माडीवर बसून पाहणार. चमक दिसली तर विषय मिटला. नाही दिसली, तर पुढच्या रविवारी तिला न्यायचं.

टकल्या वाशीमपासून तीन कोसांवर आहे. माथ्यावर झाड नाही म्हणून हे नाव. माझ्या टोपीखालच्या परिस्थितीशी त्याचा संबंध नाही. जाणार असाल तर छकडा आदल्या दिवशीच ठरवा. जाऊन-येऊन दहा आणे पडतात, आणि बैलांपेक्षा गाडीवानालाच विसावा जास्त लागतो. मार्गशीर्षात जावं. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला असतो आणि ऊन सोसवतं. वाटेत काही मिळत नाही. माझ्याजवळ भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा होता. डोंगर दिसायच्या आधीच मी ते सगळं संपवलं.

पायथ्याला तुळशीराम नावाचे म्हातारे शेतकरी भेटले.

“कायले चालले वरतं?”

“सहज. चढायला.”

“काई काम नाई अन् चढून राह्यले?” असं म्हणत ते स्वतःच पुढे झाले.

खालचा अर्धा डोंगर गवताचा. त्यातली कुसळं धोतरात शिरतात आणि तिथंच मुक्काम करतात. वरचा अर्धा सुट्या दगडांचा. दोन पावलं चढलं की एक पाऊल खाली. शेवटच्या कातळापाशी मी चपला तुळशीरामांच्या हवाली केल्या आणि हातापायांवर आलो.

“मास्तर, खालतं पाहू नका.”

मी कुठंच पाहत नव्हतो. डोळे मिटले होते.

माथ्यावर वारा इतका की टोपी धरून उभं राहावं लागलं. एका बाजूला पांढरं देऊळ, तळं आणि घरांचा पुंजका दिसला. मी आरसा काढला.

“वाशीम तिकडं नाई, मास्तर,” तुळशीराम म्हणाले. “तुमच्या पाठीमागं हाये. धुकटात हाये ते.”

मी नकाशा उलगडून त्यांना उत्तर दिशा समजावून दिली.

“पण हे गाव तं लहान हाये नं?”

“उंचावरून लहानच दिसतं,” मी सांगितलं. भूगोलाचा मास्तर मी होतो.

हेडमास्तरांकडून मागून आणलेल्या घड्याळात बारा वाजताच मी चमकवायला सुरुवात केली. पाव तास चमकवलं. थोड्या वेळानं तिकडे एक माणूस दोन्ही हात हलवताना दिसला. ती असणार! इतक्या लांबून हात हलवते आहे, म्हणून मला भरून आलं. मी आणखी पाव तास चमकवलं.

संध्याकाळी घरी आलो तर ती म्हणाली, “अकराच्या टोलापासून एकच्या टोलापर्यंत बसली मी. काईच दिसलं नाई.”

मी धोतर दाखवलं.

“कुसळं पायथ्यालेही असतात.”

डोंगरावर यायला मिळावं म्हणून खोटं बोलतेस, असं मी तिला म्हणालो. उन्हानं तिचा चेहरा रापला होता. तो मला दिसला, पण मी त्याचा विचार केला नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

मंगळवारी वांगी विकणारी माळीण दारात आली. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, “आयतवारी टकल्यावर कोनी येडा आरसा चमकवून राह्यला होता, बाई. आमचे मोटीचे बैल बुजले. माह्या घरचा दोनी हातानं सांगून राह्यला, बंद कर, बंद कर. तं त्यानं अजूनच चमकवला.”

मी आत पाटावर बसून होतो. सौभाग्यवतीनं हसू येऊ दिलं नाही. तिनं टोपलीतली सगळी वांगी घेतली. आत येऊन एवढंच म्हणाली, “चढले होते तुमी. पटलं मले.”

मला फार लाज वाटली. अकराच्या टोलापासून एकच्या टोलापर्यंत ती उन्हात बसली होती आणि मी तिला खोटारडी म्हणालो होतो. तसं मी तिला सांगितलं. पुढच्या रविवारी दोन भाकरी जास्त बांधल्या.

कातळ ती माझ्याआधी चढली. कासोटा घट्ट खोचून, चपला स्वतःच्याच हातात धरून. तुळशीराम मला म्हणाले, “बाईले आधी आनाले पाह्यजे होतं.”

घरी येऊन आता आठ दिवस झाले. कुसळं निघाली, पाय दुखायचे थांबले, वांगी एकदाची संपली. आरसा खुंटीवर आहे. तो पाहिला की एकच गोष्ट आठवते. त्या दुसऱ्या रविवारी हवा स्वच्छ होती. माथ्यावर जाताच ती नकाशा न पाहता वळली, वाशीमकडे तोंड केलं आणि आरसा उन्हात धरला. घराला कुलूप होतं, माडीवर कोणी नव्हतं.

“कोणाला दाखवतेस?” मी विचारलं.

“मागच्या आयतवारी तिथं बसली होती नं एक बाई,” ती म्हणाली, “तिले.”