पोळ्याच्या दिवशी आलेली गाडी

लग्न होऊन मी सासरी आले, त्या पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं मला दिसलं. दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत देवाचा फोटो निघाला असता, फार तर एखादी नटी निघाली असती. ह्यांच्या ट्रंकेत मोटार निघाली. इंग्रजी वर्तमानपत्रातून कापलेली, खळीनं डकवलेली, लांब नाकाची आणि बटबटीत डोळ्यांची. "ही कुणाची?" मी विचारलं. "माझीच. अजून घरी आली नाही एवढंच," हे म्हणाले. मला वाटलं, नवरा थट्टेखोर मिळाला, संसार बरा होईल. ते थट्टा करत नव्हते, हे कळायला चार वर्षं जावी लागली.

आमचं गाव नेवाशाच्या अलीकडे, औरंगाबादचा हमरस्ता सोडून आत. काळी जमीन, मोसंबीची बाग, घरात हे एकुलते एक. लढाईच्या दिवसांत बागेनं आम्हाला हात दिला होता. पण ह्यांचं चित्त बागेत कमी आणि रस्त्यावर जास्त. लहानपणी हमरस्त्यावर कुठल्याशा संस्थानिकाची गाडी तापून उभी राहिली होती, तेव्हा ह्यांनी विहिरीवरून पाणी आणून दिलं आणि ड्रायव्हरनं ह्यांना तिच्या दारावर हात ठेवू दिला. तो हात काही पुढं गाडीवरून निघाला नाही. बेलापूरकडच्या कारखान्यावर ऊस जायचा, त्या ट्रकवाल्यांच्या मागं लागून हे गाडी हाकायला शिकले. हाकायलाच म्हणते, कारण वळणावर ह्यांच्या तोंडून अजून "हो, हो" निघायचं.

मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सगळं उलट. त्यांचा जीव खिलार जोडीवर. बोलणं मुळात कमी, जे होतं ते बैलांशी. माझ्याशी तर चार वर्षांत एक शब्द नाही. त्यात राग नव्हता. आमच्यात सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नसे. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायचं. ते ओसरीवर आले की मी उठून उभी राहायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. त्यांच्या देखत मी कधी पाटावरसुद्धा बसले नाही.

गावात त्यांची मोठी गोष्ट एकच, पोळ्याचा मान. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिली जोडी आमची जायची, मग साऱ्या गावाची. पण एक रिवाज होता. दिवस मावळायच्या आत मानाची जोडी वेशीत उभी नसली, तर ज्याची जोडी मागं उभी असेल त्यानं पुढं व्हायचं, आणि मग मान त्याच्या घरचा. मागं उभे असायचे आमचे एक चुलत सासरे. दर वर्षी ते तोरणाकडे आणि सूर्याकडे आळीपाळीनं बघायचे. मामंजी दर वर्षी दुपारीच जाऊन उभे राहायचे.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. नगरच्या कॅम्पातले गोरे साहेब गाशा गुंडाळत होते आणि त्यांचं सामान विकायला निघालं होतं. कुणी कपाट घेतलं, कुणी कुत्रा घेतला. ह्यांनी गाडी घेतली. ट्रंकेतल्या चित्रासारखी अगदी नव्हे, पण तिची बहीण शोभेल अशी. मी तेव्हा नगरला माहेरी होते. पोळ्याच्या दिवशी सकाळी हे गाडी ताब्यात घेऊन मला न्यायला आमच्या गल्लीत आले, आणि गल्लीत ती शिरली तर पुन्हा वळेना. माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवरचे हंडे स्वतः उचलून बाजूला ठेवले. "जावईबापू, साहेब काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, साहेबानं किल्ली दिली, बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि वळून न बघता आत गेला.

गाडीत बसल्यावर पहिल्यांदा मला तिचा वास आला. चामड्याचा, मेणाचा आणि विलायती तंबाखूचा. पुढं सगळं अक्रोडाचं लाकूड, पायाशी गालिचा, आणि बैठक इतकी मऊ की बसलं तर वर येणं अवघड. मी नवा शालू नेसले होते. खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली होती. इमामपूरच्या घाटात बैलगाड्या बाजूला होत होत्या, घोडेगावात माणसं दुकानांच्या बाहेर येऊन बघत होती, आणि मी पदर सावरायच्या निमित्तानं काच खाली घेत होते.

"मामंजींना सांगितलंय ना, आज आणतोय म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं तर. आबा म्हणाले, 'पोळ्याला नको आनू. वढ्यात आडकली तर त्या दिशी बैल जुपता येत न्हाई. कोन वढनार?'" ह्यांनी मामंजींचा आवाज काढला. "मी म्हटलं, आबा, तिच्यात कितीतरी घोड्यांची ताकद आहे, तुमचे बैल कशाला लागतात तिला? सारा गाव आज वेशीत उभा असणार. पुन्हा असा दिवस मिळायचा नाही."

ह्यांना गावानं बघायला हवं होतं. मलाही हवं होतं. मामंजींची नक्कल झाली तेव्हा मी हसले, चांगली खळखळून.

हमरस्ता सोडला आणि गाडीचं तोंड गावाकडं वळलं, तेव्हा दुपार कलली होती. गाडीवाट ओली होती. आदल्या दिवशी वर कुठंतरी पाऊस झाला असावा, कारण ओढ्याला घोटाभर पाणी होतं. घोटाभर पाण्याला काय घाबरायचं? ह्यांनी भोंगा वाजवला, कशासाठी ते देव जाणे, आणि गाडी ओढ्यात घातली. ती निम्म्यात गेली, एकदा खोकली, आणि मागची चाकं काळ्या गाळात जागच्या जागी फिरू लागली. जितकी फिरली तितकी खाली गेली. शेवटी चिखल दाराच्या पायरीला लागला आणि आवाज बंद झाला. त्या शांततेत पलीकडून वेशीतल्या हलगीचा आवाज येत होता, इतकं गाव जवळ होतं.

"तू उतरू नकोस. शालू खराब होईल," असं म्हणून हे धोतर वर खोचून गावात पळाले.

मी एकटी बसून राहिले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडं पोरांनाही ठाऊक असतं. आदल्या दिवशी हळद-लोण्यानं त्यांचे खांदे मळायचे, आणि त्या दिवशी त्यांना अंघोळ, झूल आणि पुरणपोळी. कुणाचं घर जळत असलं तरी त्या दिवशी कुणी बैल जुंपला नसता. आणि माणसं तरी कुठून यायची? ज्याचा त्याचा हात आपापल्या जोडीच्या कासऱ्याला गुंतलेला. मी सूर्याकडं बघितलं. तो पार खाली गेला नव्हता, पण दुपारचाही राहिला नव्हता.

हे आले ते आमच्या सालगड्याला आणि गावातल्या दोघा पिंजारी भावांना घेऊन. त्या भावांच्या घरी बैल नव्हते, म्हणून ते मोकळे होते. आणि त्यांच्या मागून, खांद्यावर मोटेच्या जाड दोराचं नाडं टाकून, मामंजी. पांढरं स्वच्छ धोतर, नवा पटका, कपाळाला बुक्का. मुलाची वाट बघून उशिरा वेशीत उभं राहायला निघालेला माणूस तसाच ओढ्याकडं आला होता. जोडी त्यांनी सजवून दारात बांधून ठेवली होती.

मामंजी दिसले आणि मी सवयीनं उठले. मोटारीत कुणी उभं राहू शकतं का? माझं डोकं टपाला आपटलं. मी तशीच कमरेत वाकून, पदर पुढं ओढून, धड उभी नाही आणि धड बसलेली नाही, अशी राहिले. दार उघडायला गेले तर माझ्या बाजूचं चिखलात रुतून बसलेलं. ह्यांनी स्टीअरिंगवर बसत म्हटलं, "अगं, बस की. काय चाललंय तुझं?" ह्यांना कळलंच नाही. मामंजींना कळलं असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पाठ केली, नाडं गाडीच्या पुढच्या कडीला बांधलं आणि टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"आबा, तुम्ही नका. जा तुम्ही वेशीत," हे काचेतून म्हणाले. पण ते स्टीअरिंग सोडून खाली उतरले नाहीत. कुणीतरी गाडी सांभाळायला हवी होती, हे खरंच होतं.

"चौघं लागत्यात. तिघांनी न्हाई निघायची," मामंजी म्हणाले.

म्हणजे असं झालं. मुलगा गादीवर, सून गादीवर, आणि सासरा पुढं जुंपलेला. मला ते बघवेना. मी बैठकीवरून खाली घसरले आणि पायाशी गालिच्यावर अंग चोरून बसले. त्यांच्यापेक्षा उंचावर तरी बसायचं नाही, एवढंच मला सुचलं. तिथून काही दिसत नव्हतं. पिंजारी भाऊ "हां, जोर लावा" म्हणायचे ते ऐकू यायचं, आणि त्याखाली मामंजींचा एक आवाज, घशातून येणारा. नांगर खडकाला लागला की त्यांची जोडी तसाच आवाज करायची. गाडी वीतभर सरकायची, पुन्हा मागं यायची. बाभळीच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, दगड घातले. कुणीतरी घसरून पडलं. कोण ते मी बघितलं नाही, पण हे "आबा" म्हणून ओरडले.

गाडी वर निघाली तेव्हा उजेड पिवळा पडला होता. आणि निघाल्यावर ती लगेच सुरूही झाली, निर्लज्ज. मामंजी तोवर निघून गेले होते. शेताच्या बांधावरून, अनवाणी, जवळजवळ पळत. त्यांना गाडीत घ्यावं असं ह्यांच्या मनात आलं असेल, पण तोवर ते दूर गेले होते.

ते घरी जाऊन जोडी सोडून वेशीत पोचले, तेव्हा चुलत सासऱ्यांची जोडी तोरणाखालून गेलेली होती. हलगीवाला थांबायला तयार होता, चार जुनी माणसंही थांबा म्हणाली, असं मागून कळलं. पण रिवाज तो रिवाज. चुलत सासऱ्यांनी सूर्याकडं बोट दाखवलं आणि पुढं झाले. त्यांच्या मागून मामंजी गेले. तोरण तुटलेलं होतं, पानं खाली पडली होती, त्या पानांवरून. वेशीच्या बाहेर आमची गाडी उभी होती. तिच्याकडं बघायला सारा गाव वळला, ह्यांनी जसं इच्छिलं होतं तसंच. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

पोळ्याची जोडी वेशीतून घरी आली की सुवासिनीनं उंबऱ्याशी बैलांच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची. आत्याबाईंनी मला गाडीतून उतरल्या-उतरल्या तांब्या दिला आणि स्वतः ताट घेऊन उभ्या राहिल्या. मागून अर्धा गाव आलेला. काही बैलांसाठी, बरेच गाडीसाठी. मान मिळाल्याच्या खुशीत चुलत सासरेही आले होते. हे गाडीपाशी उभे राहून फडक्यानं दिव्यांवरचा चिखल पुसत होते. बैलांचं आटोपलं की गाडीला ओवाळायचं ठरलेलं होतं.

मी पहिल्या बैलाच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग दुसऱ्याच्या. दोघांच्या मधे मामंजी कासरे धरून उभे होते. माझी मान खाली, म्हणून मला दिसत होते ते त्यांचे पायच. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, वाळून त्याला भेगा पडायला लागलेल्या, आणि एका अंगठ्यातून रक्त येत होतं. माफी मागायची तर सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं. हातात पाणी होतं. मी ते त्यांच्या पायांवर घातलं आणि वाकून पायांना हात लावला. माझ्या बोटांना कुंकू होतं, ते त्यांच्या पायांना लागलं.

"बरुबर हाय सूनबाई," चुलत सासरे मागून म्हणाले. "आज वढलं ते त्यांनीच."

लोक हसले. वाईट मनानं हसले असं नाही, पोळ्याचा दिवस, माणसं मोकळी असतात. पण मी काय करून बसले ते मला त्या हसण्यातून कळलं. वाकलेली मी वर येईना. ह्यांचा हात दिव्यावर थांबला होता, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मग तो पुन्हा पुसायला लागला.

मामंजी हसले नाहीत आणि त्यांनी पाय मागेही घेतला नाही. उलट दुसरा पाय माझ्यासमोर पुढं केला.

"वत अजून, पोरी," ते म्हणाले. "चिखुल लई हाय."

चार वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी ओतत गेले, पाणी काळं होऊन उंबऱ्याकडं येत होतं, आणि तांब्या संपला तरी चिखल निघाला नव्हता. मी आत जाऊन रांजणातून तांब्या भरून घेतला. परत उंबऱ्यापर्यंत आले. ते तसेच पाय पुढं करून उभे होते, आणि गाडीतलं माझं हसू आठवून माझं पाऊल काही बाहेर पडेना.