नऊ कलमांची याद घेऊन ओमानला

२०१७ च्या जानेवारीत कन्येच्या लग्नाची याद करण्यासाठी मला समुद्र ओलांडावा लागला. लग्न ठरले की आमच्याकडे दोन्ही बाजूंची वडीलमंडळी एकत्र बसतात. मानपान, कार्याची जागा, कोणी काय करावयाचे हे कागदावर उतरवतात आणि त्याला हळदकुंकू लावून एकेक प्रत आपापल्या घरी नेतात. त्या कागदास याद म्हणतात. साताऱ्याच्या न्यायालयात आयुष्य घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की बहुतेक याद्या अक्षम्य निष्काळजीपणे लिहिलेल्या असतात. म्हणून मी घरूनच नऊ कलमांचा मसुदा करून घेतला होता.

वर प्रसाद परब मस्कतला एका बांधकाम कंपनीत विद्युत अभियंता होता. माझी कन्या मृणाल बंदरबांधणीतील अभियंता असून पुण्यात नोकरी करते. दोघांची भेट पुण्यात एका नातेवाइकांकडे झाली, पसंतीही झाली. प्रसादला पुन्हा रजा मिळेना, तेव्हा स्थळाचे घर पाहणे आणि याद करणे ही दोन्ही कामे मस्कतलाच उरकावीत असे ठरले. सौ. गुडघ्यांमुळे येऊ शकल्या नाहीत.

मुंबईच्या विमानतळावरच पहिला खटका उडाला. हातातली पिशवी जड आहे, असे काउंटरवरील मुलीचे म्हणणे पडले. नियम लेखी दाखवा, अशी मी मागणी केली.

"सर, सिस्टीममध्ये आहे."

"नियम राजपत्रात असतो किंवा तिकिटावर असतो. सिस्टीम म्हणजे काय? कोणी केली? कोणत्या अधिकारात?"

"बाबा," मृणाल म्हणाली, "मागे लोक उभे आहेत. द्या ती पिशवी माझ्याकडे."

त्या विमान कंपनीस विमानातूनच तक्रारीचे पत्र लिहावयास घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच खाली मस्कत दिसू लागले. झाडाचे नाव नसलेले तपकिरी डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पांढरी बुटकी घरे आणि पलीकडे लगेच समुद्र. डोंगर असा उघडा पडलेला मी प्रथमच पाहिला.

न्यायला प्रसादचे वडील आले होते. परब मूळचे देवगडकडचे, तरुणपणी स्टोअरकीपर म्हणून येथे आले आणि येथलेच झाले. "या वकीलसाहेब! यल्ला, (चला) गाडी लांब आसा," असे म्हणून त्यांनी माझी पिशवी उचलली, तिचे वजन पाहिले आणि विचारले, "दगड आणलात की कायदे?"

रुवी या भागात त्यांचे दुसऱ्या मजल्यावर घर आहे. खाली मल्याळी माणसाची खानावळ, समोर शिंप्याचे दुकान. परबबाईंनी सुरमईचे तिखले (झणझणीत कालवण), तांदळाची भाकरी आणि सोलकढी केली होती. भारतातील चव परदेशात तशीच टिकते असे लोक म्हणतात. माझा अनुभव असा की ती अधिक चांगली होते, कारण करणारा मनापासून करतो.

दुसऱ्या दिवशी प्रसादने जुने मस्कत दाखवले. बंदराच्या दोन्ही अंगांना दोन किल्ले आहेत, दोन्ही पोर्तुगीजांच्या काळातील. सोबत घेतलेल्या वाटाड्याने दिलेल्या माहितीपत्रकात "पुढे पोर्तुगीज येथून निघून गेले" असे छापले होते. हे वाचून माझा पारा चढला. पोर्तुगीज निघून गेले नाहीत, ओमानी लोकांनी त्यांना लढून हाकलले. पराभवाला प्रस्थान म्हणणे ही इतिहासाची सरळ सरळ अफरातफर आहे. वाटाड्याला मी तसे सुनावले. तो म्हणाला, "इन्शाल्ला, सर," (देवाची इच्छा असेल तर) आणि पुढे चालू लागला.

किल्ल्याखालच्या धक्क्यावर बसून आम्ही कहवा (वेलची घातलेली कडसर कॉफी) आणि खजूर घेतला. तेथे मी प्रसादला माझा आवडता विषय सांगितला. युरोपातील राजघराण्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः लग्नांच्या याद्यांचा इतिहास आहे. याच पोर्तुगीजांनी आपली राजकन्या इंग्लंडच्या राजाला दिली तेव्हा विवाहाच्या तहात मुंबईचे बेट आंदण म्हणून लिहून दिले. पण बेट म्हणजे नेमके कोठपर्यंत, हे लिहिताना ढिलाई झाली. इंग्रज म्हणत, माहीमपर्यंत सारे आमचे. पोर्तुगीज अधिकारी म्हणत, एवढेच बेट, पलीकडे पाऊल टाकू नका. वर्षानुवर्षे भांडण चालले. स्पेनच्या राजकन्येचे उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. फ्रान्सच्या राजाशी लग्न करताना तिने स्पेनच्या गादीवरील हक्क सोडला, पण हुंडा ठरल्याप्रमाणे मिळाल्यास, अशी अट कोणा चतुर मसुदाकाराने आत घातली. हुंडा मिळाला नाही. मग हक्क सुटलाच नाही, असे फ्रान्स म्हणू लागला. पुढे तिच्या नातवाला स्पेनची गादी मिळाली, त्यापायी सगळा युरोप वर्षानुवर्षे लढला, आणि शेवटी तहांनीच कोणाला कोणता मुलूख ते वाटून दिले. जिब्राल्टर इंग्रजांकडे गेले ते तेव्हाच.

"एका अटीवरून?" प्रसादने विचारले.

"एका अटीवरून. म्हणून अट घालावी, आणि नीट घालावी."

हे बोलताना माझ्या मनात मसुद्यातील चौथे कलम होते, हे मी येथे नमूद करतो. साताऱ्यात मला कोणी सांगितले होते की प्रसादच्या कंपनीचे काम दुक्मला सुरू आहे. दुक्म म्हणजे मस्कतपासून फार दूर, ओसाड किनाऱ्यावरचे नवे बंदर. तेथे बहुतेक सारे कंत्राटावरचे पुरुष. कन्येने लग्न करून मस्कतमध्ये एकटे बसावे किंवा त्या वाळवंटात जावे, यापैकी काहीही मला मान्य नव्हते. चौथ्या कलमात मी लिहिले होते की वराने दुक्म येथील बदली स्वीकारू नये, आणि वधूस तेथे वास्तव्य करावयास लावू नये.

शुक्रवारी, म्हणजे तेथील सुट्टीच्या दिवशी, आम्ही पाचही जण परबांच्या गाडीतून सूरला गेलो. रस्ता किनाऱ्याने जातो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस निळे पाणी, मधे गुळगुळीत डांबर. एकाही खड्ड्याविरुद्ध अर्ज करण्याची संधी मला मिळाली नाही.

सूर हे धौ (लाकडी गलबते) बांधणाऱ्यांचे गाव. खाडीकाठच्या कारखान्यात एक अर्धे गलबत उभे होते. मलबारातून आलेल्या सागाचा वास थेट आपल्या सुतारवाड्याचा. तेथे सावलीत दिश्दाशा (पायघोळ पांढरा अंगरखा) घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मुंबईस अनेक खेपा केल्यामुळे ते आमच्याशी हिंदीत बोलले.

"मेरा दादा का जहाज पे फरांसी झंडा था," ते म्हणाले.

"आपके दादा फ्रेंच थे?"

ते एवढे हसले की त्यांना खोकला आला. "दादा सूरी। जहाज सूरी। झंडा फरांसी, कागज फरांसी। अंग्रेज का जहाज आया, झंडा देखा, चला गया। खलास!"

मी हे पूर्वी वाचले होते. येथला सुलतान वारला तेव्हा त्याच्या राज्यावरून मुलांत तंटा झाला आणि इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारने निवाडा देऊन एकाला मस्कत आणि दुसऱ्याला झांजिबार दिले. नंतर इंग्लंड आणि फ्रान्स यांनी आपसांत करार करून दोन्ही राज्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. ज्यांचे स्वातंत्र्य, त्यांना करारात स्थान नव्हते! सूरच्या नाविकांनी या दोन दांडग्यांच्या मधली फट हेरली आणि इंग्रजांची झडती टळावी म्हणून फ्रान्सचे झेंडे मिळवले. त्या झेंड्यांचा वाद शेवटी युरोपात हेगच्या लवादापुढे गेला.

"जहाज में माल क्या था?" मी विचारले.

"खजूर."

"और?"

ते खाडीकडे पाहू लागले. "अल्ला को मालूम."

मला मालूम होते. त्या झेंड्याखालून काही गलबतांनी आफ्रिकेतील माणसे विकण्यासाठी आणली, आणि झेंड्याच्या अधिकाराबद्दल पानेच्या पाने लिहिली जाताना गलबताच्या तळाशी बसलेल्यांना कोणी काही विचारले नाही. मी संतापून हे मराठीतून बोललो. वृद्ध गृहस्थांना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी मान डोलावली.

दुपारी खाडीवरच्या खानावळीत भात आणि भाजलेला मासा मागवला. मासा येईपर्यंत वेळ होता. मी मसुदा काढून परबांपुढे ठेवला.

परब मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या कलमापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते. "'वरपक्ष' म्हणजे आम्ही मां? आणि 'सदरहू' कोण, तो खंयसून (कुठून) इलो?" चौथे कलम वाचून ते थांबले.

"ह्यां लगीन आसा काय कोर्टाची केस?" परबबाईंनी विचारले. "माझो झील (मुलगा) खंय जातलो, तां तुमी ठरवतलात?"

"माझ्या मुलीने कोठे राहावे हे ठरवणे माझे कर्तव्य आहे."

"ती आमच्याकडे रुवीत रवतली. तुमच्या कागदाक कोण इचारता?"

"मग तेच लेखी द्या!"

"काका," प्रसाद हळू म्हणाला, "दुक्मला मी जातोय. मार्चपासून. आणि..." त्याने मृणालकडे पाहिले.

"मीसुद्धा," मृणाल म्हणाली. "बाबा, तिथल्या ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) कामासाठी मी अप्लाय केलंय. मंगळवारी इंटरव्ह्यू आहे. आधी मी अप्लाय केलं, मग प्रसादने बदली मागितली."

मासा आला. कोणी त्याला हात लावला नाही.

परबबाई माझ्याहून अधिक भडकल्या. त्या वाळवंटात बाईमाणूस नाही, देऊळ नाही, आणि हे सारे आईच्या मागे ठरले. "तसा असात तर ह्यां लगीनच माका नको," म्हणून त्या उठल्या आणि खाडीच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही म्हणालो की अशा परिस्थितीत मलाही फेरविचार करावा लागेल. दोन्ही पक्षांनी तह मोडला होता, आणि तो अजून झालाही नव्हता.

"छान," मृणाल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ओळखीचा आहे. तो माझाच आहे. "मी कुठे राहायचं ते तुम्ही ठरवणार, नाहीतर त्या ठरवणार. बाबा, काल तुम्ही तासभर सांगत होतात. मुंबई आंदण दिली तेव्हा मुंबईतल्या एका तरी माणसाला विचारलं होतं का?"

परबांपुढचा मसुदा उचलून मी त्याची घडी घातली.  

परब उठून पत्नीजवळ गेले. वारा आमच्याकडे असल्यामुळे ऐकू आले. "अगो, मी तुका हंय (इथे) हाडलंय (आणलं) तेव्हा तुका कोणी इचारल्यान?"

"कोणी नाय इचारूक."

"मगे?"

"मगे काय मगे! म्हणान तर राग येता."  मग त्या परत येऊन बसल्या, मृणालच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "खा. थंड झालो."

 परतताना परबांनी वाटेत दोनदा हलव्याच्या दुकानाशी गाडी थांबवली, दोन्ही वेळा उगाच.

सकाळी परबांच्या दिवाणखान्यात पाट मांडला होता, त्यावर हळदकुंकू, सुपाऱ्या आणि कोरा कागद. माझी नऊ कलमे मी बाहेर काढली नाहीत. कार्य साताऱ्यास, जेवण आमच्याकडे, मानपान नाही, एवढे परबांनी लिहिले. दुक्मचा उल्लेख कोणी केला नाही. मग त्यांनी सहीसाठी लेखणी माझ्यापुढे धरली.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

परबबाईंनी कपाळाला हात लावला. "आता आणि काय?"

"ज्यांच्यावर हा करार बंधनकारक होणार, ते पक्षकार कागदावर नाहीत. त्यांच्या सहीवाचून ही याद रद्दबातल आहे. आधी या दोघांनी सही करावी."

"नवरी यादीर सही करणा नाय! आमच्यात तशी रीत नाय."

"तर रीत चुकीची आहे! तुमचीही आणि आमचीही!" माझा आवाज चढला, खालच्या खानावळीतील कोणीतरी वर पाहिले. "माझ्या लग्नाच्या यादीवर माझ्या पत्नीची सही नाही. तुमच्या यादीवर तुमची आहे का?"

 परबबाईंनी नवऱ्याच्या हातातील लेखणी घेतली आणि मृणालला दिली. "कर गो बाय. आणि दुक्माचा पण लिही, नायतर हो माणूस उद्या कोर्टात जायत."

मृणालने लिहिले की राहण्याचे ठिकाण उभयतां आपसांत ठरवतील. तिने सही केली, प्रसादने केली. त्यांच्याखाली 'साक्षीदार' असे लिहून परब दांपत्याने आणि मी सह्या केल्या. मसुदा माझ्या दृष्टीने अपुरा होता. 'आपसांत' या शब्दाची व्याख्या दिलेली नव्हती. मी ती मागितली नाही.

मृणाल मुलाखतीसाठी थांबली, मी एकटा परतलो. त्या विमानात मी कोणालाही पत्र लिहिले नाही. आयुष्यभर मी तहांचा अभ्यास केला तो मसुदा करणाऱ्याच्या खुर्चीत बसून. कोणत्या शब्दाने कोणते राज्य गेले ते मला सांगता येते. ज्यांचे अंगण एका कागदाने दुसऱ्या राजाचे झाले, त्यांच्या बाजूने तो कागद कसा दिसला असेल, हे मात्र मला सूरच्या त्या टेबलाशी बसेपर्यंत सुचले नव्हते.

घरी पोहोचताच सौ. नी विचारले, "झालं का? दिलीत ना मुलगी?"

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. जे आपल्या मालकीचे नाही ते कोणालाही देता येत नाही, त्यामुळे मस्कतला देण्यास अधिकृत असे कोणी हजरच नव्हते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, परबबाईंनी दिलेला हलव्याचा डबा उघडून एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारले, "बरं. मग लग्नपत्रिका कोणाच्या नावानं छापायची?"

त्या मसुद्यावर माझे काम चालू आहे.