यादीत वरचा टीव्ही बापूंचा

वडूजला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. या धंद्यात शाई आणि किस्से दोन्ही हाताला लागतात आणि साबणाने जात नाहीत! त्यातले निम्मे किस्से एकट्या सुभेदार अण्णांच्या घरचे. अण्णा फौजेतून रिटायर झालेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत आणि दुसऱ्याने वाचून दाखवलेल्यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जातो आणि कागद टीव्हीवर दाखवतो.

अविश्वासाचं कारण मला चांगलं ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्या भावकीची नावं आली आणि सख्ख्या धाकट्या भावाचं, बापूंचं, तेवढं राहिलं. टायपिंग माझं. प्रूफ मी वाचून दाखवलेलं आणि अण्णांनी चष्मा न लावता 'ओके' केलेलं. बापू शेजारीच राहतात, मध्ये एक भिंत. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

*

टीव्हीवर लावलेला पहिला कागद म्हणजे सातबारा. वायर जोडली आणि त्रेचाळीस इंची पडदाभर उतारा आला. अण्णा खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, ही आमचीच दीड एकर न्हवं?"

"हो अण्णा."

"लय मोठी दिसतीया!"

त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून जमीन बघायला बोलावलं. काकू पदराला हात पुसत आल्या, वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हितं तरी तण न्हाई."

*

काकूंच्या लेखी टीव्हीवर लागते ती मालिका. एकदा अण्णांना पाणीवापर संस्थेचे नियम वाचायचे होते. बावीस पानं! मी एकेक पान खाली सरकवत होतो, अण्णा मोठ्याने वाचत होते आणि काकू घेवडा निवडत बघत होत्या. अठराव्या पानाला म्हशीला वैरण टाकायला म्हणून उठल्या. परत आल्या त्या जरा धापा टाकतच.

"मी गेल्यावर काय झालं?"

"नियम क्रमांक एक्केचाळीस," मी म्हणालो.

"आन त्यो सचिव? काढला का ठिवला?"

"अजून ठेवलाय."

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या आणि घेवडा पुढे ओढला.

*

पुढे वायर उंदराने कुरतडली आणि मी बिनवायरचं जोडायला लागलो. इथे एक घोटाळा होता. टीव्ही नवे घेतले त्या दसऱ्याला सकाळी अण्णांचा टेम्पोतून उतरला, आणि दुपारी तोच टेम्पो तसलाच टीव्ही घेऊन बापूंच्या दारात! त्यामुळे लॅपटॉपच्या यादीत दोन्ही टीव्ही सारख्याच नावाने, एकाखाली एक दिसतात. मी वरचं नाव दाबलं. ज्या टीव्हीला जोडायचं त्याच्यावर आधी 'येऊ द्यायचं का?' असं विचारतात, तिथे कुणी 'हो' म्हटलं तरच पुढे दिसतं. लॅपटॉप म्हणाला जोडलं, पण अण्णांचा टीव्ही काळाच. म्हणजे 'हो' पलीकडे कुणीतरी म्हटलं होतं.

अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट, वाढलेल्या साखरेसकट, पाच मिनिटं बापूंच्या घरात लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या भिंतीवर कारल्यांची पिशवी! कुणी ठेवली, कुणी विचारलं नाही. अण्णांनी आठ दिवस कारलं खाल्लं, तोंड वाकडं न करता.

मी म्हणालो, "अण्णा, आपल्या टीव्हीचं नाव बदलून देतो. पुन्हा चूक नको."

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "वरचा बापूचा, खालचा आपला. ध्यानात ऱ्हातंय."

*

मग आला पेन्शनचा हयातीचा दाखला. अर्जावर फोटो नीट बसलाय का हे बघायला मी तो पडदाभर मोठा केला. फौजी टोपी, गंभीर चेहरा, खाली पूर्ण नाव. समोर मी, अण्णा आणि काकू गप्प बसून बघतोय. दार उघडं. शेजारची एक बाई विरजण मागायला आली, तिला दारातून फोटो आणि आमच्या पाठी दिसल्या. तोंडाला पदर लावून ती तशीच परत गेली.

दहा मिनिटांत अख्खी आळी अंगणात! सगळ्यांच्या पुढे बापू. पायात चप्पल नाही, दाढी अर्धीच झालेली, एका गालाला साबण. अण्णा तेव्हा बशीत चहा ओतत होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बापू तसेच वळले आणि गेले. बाकीचे आलेच होते म्हणून चहा घेऊन गेले. हयातीच्या दाखल्याला एवढे साक्षीदार कुणाला मिळाले नसतील.

सगळे गेल्यावर अण्णांनी विचारलं, "मास्तर, बापू अनवाणी आलता?"

"हो."

"गालाला साबण व्हता?"

"एकाच."

अण्णांनी मान हलवली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

*

गेल्या महिन्यात अण्णांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिकेसाठी मला बोलावणं आलं. "ह्या खेपंला अक्षर न् अक्षर टीव्हीवर बघायचं, मगच छापायचं," अण्णा म्हणाले. मी मान खाली घालून टाइप करत होतो.

"निमंत्रकात पयलं नाव बापूचं घाला. माजं त्येच्या खाली."

"अण्णा, थोरले तुम्ही. भावकी हसेल."

"हसू द्या. घाला."

मी घातलं. तीनदा तपासलं. आता टीव्हीला जोडायचं म्हणून हात पुढे केला, तर अण्णांनी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढला.

"आज मी दाबतो."

पडद्याला नाक लावून त्यांनी दाबलं. वरचं! मी बघितलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

'जोडत आहे' असं म्हणत ते चाक फिरत राहिलं. काकूंचं घेवडा निवडणं थांबलं. मग 'जोडले' आलं. आमचा टीव्ही काळा, आणि भिंतीपलीकडे चाललेली मालिका मध्येच बंद पडली.

आणि मग नऊ वर्षांनी भिंतीपलीकडून आवाज आला.

"आण्णा! तुजं नाव खाली गेलंय! थोरला तू हाईस का मी? वर घ्याय सांग त्या मास्तराला! नऊ वर्सं झाली तरी त्येला पत्रिका जमंना!"

डोळ्याला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना अण्णांनी दोन्ही डोळे पुसले. उठले. चपला दारातच राहिल्या.

"चला मास्तर," ते म्हणाले. "आपल्या टीव्हीवर काय दिसंना. पलीकडं जाऊन बघू."