नारळ हातात, बाजा खिशात

वरचे पुढचे चार दात सोमवारी काढायचे, असं सांगलीच्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा जोतीराम खरातांनी एकच गोष्ट विचारली.

"कवळी बसल्यावर वाजवता यील का?"

"काय वाजवता?"

"माउथ ऑर्गन."

डॉक्टर हसला. "आजोबा, आधी भाकरी चावता येईल का ते तरी विचारा."

आदल्या दिवशीचा रविवार अजून हातात होता, एवढंच जोतीरामांनी मनात धरलं. विट्याजवळच्या गावात नानासोंच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. नानासो कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा करतात. त्यांनी कार्यक्रमात जोतीरामांचं नाव घातलं होतं. नऊ वर्षांनी स्टेज मिळत होतं, आणि खऱ्या दातांनिशी वाजवायची ही शेवटचीच वेळ होती.

जोतीराम त्याच भागातले. घरी मेंढरं. एकोणिसाव्या वर्षी पलटणीत भरती झाले आणि शिलाँगला गेले. तिथे बान नावाचा एक डोंगरातला जवान त्यांच्या बराकीत होता. तो शनिवारी गावातल्या एका हॉटेलात माउथ ऑर्गन वाजवायचा. दहा भोकांचा, मुठीत मावणारा बाजा. तो जे वाजवायचा त्याला ब्लूज म्हणतात, हे जोतीरामांना नंतर कळलं. अमेरिकेत परक्याच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं ते गाणं, बारा टप्पे फिरून पुन्हा घरी येणारं. बानने त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, "फुंकू नकोस. ओढ. श्वास आत ओढल्याशिवाय सूर वाकत नाही." सूर वाकला तेव्हा जोतीरामांना त्यांचा बाप आठवला. पलीकडच्या उतारावरची मेंढरं बोलावताना बापाचा आवाज शेवटाला असाच खाली घसरायचा.

निवृत्त झाल्यावर कुपवाडला एका फौंड्रीत वॉचमनची नोकरी धरली आणि सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात अठरा वर्षं काढली. काढली म्हणजे काय, सिनेमाच्या गाण्याच्या सुरुवातीला दोन ओळी वाजवायच्या आणि उरलेलं गाणं खुळखुळा हलवत उभं राहायचं. स्टेजच्या मागे जिथे बसायचं तिथे थुंकून थुंकून पत्रा लाल झालेला असायचा. एकदा तासगावच्या बाजूला गाणारी बाई कपडे बदलायला गेली, तेवढ्यात त्यांनी बानची चाल काढली. दोन मिनिटं झाली नसतील, तोच खालून आवाज आला, "ए शिट्टीवाल्या, बास! लावणी घे!" त्याच दिवशी तिथल्या एका पुढाऱ्याने "बगू रं" म्हणत बाजा हातातून ओढून घेतला आणि मावा भरलेल्या तोंडाने फुंकला. परत आला तेव्हा भोकांत सुपारीचा चुरा होता. जोतीरामांनी घरी येऊन पट्ट्या खोलल्या आणि दात घासायच्या ब्रशने तीन-तीनदा धुतल्या. तरी पंधरा दिवस त्याला तोंड लावलं की माव्याचीच चव यायची. त्यानंतर बाजा कुणाच्या हातात दिला नाही.

पुढे कीबोर्ड आला. त्यात माउथ ऑर्गनचं बटण होतं. जोतीरामांना कुणी काढलं नाही. नुसतं बोलवायचं बंद केलं.

म्हणून नानासोंचा फोन आला तेव्हा त्यांना खरं वाटेना. साउंडवाला पप्पू म्हणाला, आधी सांगलीच्या स्टुडिओत येऊन एक गाणं रेकॉर्ड करून द्या. नमुना ऐकायचा असेल, असं समजून जोतीरामांनी एक जुनं सिनेमाचं गाणं वाजवून दिलं.

रविवारी मांडवात पोचल्यावर पप्पूने स्टँडवरचा माइक दाखवला. माइकला वायरच नव्हती.

"ह्यो बिगरवायरचा का?"

"न्हाई आबा, ह्यो नुसता दाखवायला. तुमचंच गाणं हाय माझ्याकडं, मी लावतो. तुमी ओठ हालवा."

"मी हितं जिवंत हाय की रं!"

"लाइव्हमदी रिस्क असती, आबा. मान्सं मोबाइलवर शूटिंग करत्यात. फेल गेलं तर नानासोंचं नाव जातंय."

परत फिरावं असं जोतीरामांना वाटलं. पण बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत भामाबाई बसली होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, कार्यक्रमाला ती पहिल्यांदाच आली होती. घरात तिचं कायम एकच म्हणणं, "भाईर जाऊन वाजवा." ते स्टेजवर चढले. पप्पूने बटण दाबलं. जोतीरामांनी बाजा ओठाला लावला आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड हलवू लागले.

अर्ध्या गाण्यात नानासो स्टेजवर आले. त्यांच्यामागे शाल, फेटा, नारळ घेऊन चार-पाच जण. सत्कार कधी करायचा याला आपल्याकडे वेळ नसते. पाहुणा समोर दिसला की करून टाकायचा. एकाने वाजवत्या माणसाच्या डोक्यावर फेटा गुंडाळायला सुरुवात केली, दुसऱ्याने शाल खांद्यावर टाकली, नानासोंनी नारळ पुढे केला. नारळ काही एका हाताने घेता येत नाही. जोतीरामांनी बाजा खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

गाणं चालूच होतं.

मांडवात क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून एकजण ओरडला, "आरं, म्हातारं नाकानं वाजवतंय!" हशा पिकला. आणि हसता हसताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कुणाला राग आला नाही. नानासोही हसत होते आणि फोटोसाठी जोतीरामांचा दंड धरून उभे होते. जोतीरामांच्या तोंडात मावा भरलेल्या बाजाची ती जुनी चव आली.

"नानासो, गाणं बंद करा."

"आवं आबा, ऱ्हाऊद्या की! लोकांना आवडतंय."

"तुमी कोइमतूरला सोनं कसं बगता? दागिना चकाकला म्हंजी झालं?"

"तसं कसं? गाळून बगायला लागतंय."

"मग मला बी गाळा. हितं सगळ्यांम्होरं. खोटं निगालं तर ह्यो नारळ माझ्याच डोक्यात फोडा."

नानासोंचं हसू अर्धं राहिलं. त्यांनी पप्पूकडे बघून हात हलवला. गाणं तुटलं.

जोतीरामांनी नारळ खाली ठेवला आणि बिनमाइकचा बाजा ओठाला लावला. बानची चाल. पहिला सूर त्यांनी ओढला, वाकवला, उतारावरून सोडून दिला. आवाज चौथ्या-पाचव्या ओळीपलीकडे गेला नसेल. पाचव्या टप्प्याला पाठीमागून वाढप्याची आरोळी आली, "पहिली पंगत बसून घ्या!" आणि खुर्च्या सरकू लागल्या. माणसं पाठ करून चालली होती. दहाव्या टप्प्याला वरचा दात हलला, तोंडात खारट लागलं. जोतीराम थांबले नाहीत. बाराही टप्पे फिरून घरी आले. चार जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या दोघांच्या हातात पत्रावळी होत्या.

सूत्रसंचालन करणारे भाऊसो लगेच माइकवर आले. "तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत. आबांचं तेच सुंदर गाणं आपण पुन्हा एकदा ऐकूया!" पप्पूने बटण दाबलं. या वेळी शिट्ट्याही पडल्या. पंगतीतून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं.

जोतीरामांनी फेटा काढून स्पीकरवर ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि खाली उतरले. मांडवाच्या मागे नळ होता. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन त्यांनी चूळ भरली. लाल पाणी पडलं. मांडवातून त्यांचंच वाजवणं येत होतं, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेलं. आपल्या स्वतःच्या सुराची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

भामाबाई मागे येऊन उभी राहिली होती.

"शेवटाला जरा हालला तुमचा सूर."

"दात हालला."

"व्हय? मला वाटलं, मामंजी मेंढरं बोलवाय लागलं."

जोतीरामांनी तिच्याकडे बघितलं. सासऱ्याची ती हाक तिने ऐकली होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आन् आता ह्ये जे लावलंय?" त्यांनी विचारलं.

"त्यात न्हाई कोण बोलवत," ती म्हणाली. "जेवायचंय का?"

"ह्यांच्या हितं? न्हाई."

"मग चला, यष्टी जाईल."

जोतीरामांनी शालीच्या टोकाने बाजा पुसला आणि खिशात टाकला. शाल मात्र नळाच्या खांबावरच अडकवून ठेवली. दोघं रस्त्याला लागले तेव्हा मागे ते गाणं तिसऱ्यांदा सुरू होत होतं.