मस्कतचे डोंगर

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज दुपारीच माझ्याकडे आली. सकाळचं लगेच लिहिते, म्हणजे जीव हलका होईल.

माझ्या सातवीतल्या सलमाने पेपरात लिहिलं होतं, 'मस्कतला डोंगर आहेत.' मी चूक दिली. अरबस्तानात नुसती वाळू, असं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घरी शिकवलं होतं.

आज महाडहून नाते गावी शाळेत जाताना एस.टी.त तिचे वडील भेटले. ते मस्कतला ड्रायव्हर आहेत, सुट्टीवर आलेत. धीर करून त्यांना डोंगरांचं विचारलं.

"हायत ना बाई. आपल्या वरंध घाटावानी, पण गवताची काडी नाय. पोरीला मीच सांगितलं. ती म्हणते, बाई मस्कतला गेल्या नसतील."

शाळेत पोचताच सलमाचा पेपर काढला, गुण दिले आणि चूक माझी होती असं सगळ्या वर्गाला सांगितलं.

सलमा म्हणाली, "बाई, अब्बांकडे फोटो हायत. बघितलेत की तुम्हालापण येईल."

वर्ग हसला, मीही हसले.

पुढच्या आठवड्यात टुंड्रा शिकवायचा आहे. तिकडे जाऊन आलेलं कुणी ओळखीचं आहे का? असेल तर वहीची वाट न बघता कार्ड टाका.