भिलाटीतल्या पोरांचं दूध

"ओंजळ कर," आबा म्हणाले.

शाळेच्या ओट्यावर पालकसभा भरली होती. साक्रीपासून आत, डोंगराकडचं आमचं गाव. आबा शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेला दूध त्यांचाच पुतण्या पुरवतो. मी भिलाटीतली, गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली. शाळेत खिचडी शिजवते, दूध तापवून पोरांना वाटते. गावातल्या मोठ्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. हे दूध पितात ती आमची पोरं.

मी एवढंच बोलले होते, की दुधाला धुण्याच्या सोड्यासारखा वास येतो, पोरांची पोटं दुखतात.

ग्लास समोरच मांडलेले होते. तरी मला ओंजळ. आबांनी वरून दूध ओतलं.

"पी. बठ्ठं पी. काय व्हस ते देखूत."

सगळं प्यायले. दूध कोपरांवरून लुगड्यावर गळलं. लोक हसले. गुरुजी खाली बघत राहिले. काम जाईल. घरकुलाच्या यादीतून नाव जाईल. डोक्यात तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून पुतण्याची मोटारसायकल भिलाटीच्या तोंडाशी थांबायला लागली. उतरायचा नाही. बोलायचा नाही. नुसता माझ्या दाराकडे बघायचा. मी भरदिवसा कडी लावून बसायची.

आणि दूध वाटत राहिले.

चौथ्या दिवशी कमल ओकली. दुसरीतली पोर, शेजारचीच. दोनदा दूध पडलं, तिसऱ्यांदा नुसतं पाणी. मी तिचं कपाळ धरून बसले होते. म्हटलं, "वास येत होता ना गं? कशाला प्यायलीस?"

ती म्हणाली, "तू पिनी ना मावशी. बठ्ठासमोर."

माझी भीती त्या पोरीच्या पोटात गेली होती. मीच वाढली होती.

तिला साक्रीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा कॅन आला. मी झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं.

"गुरुजी, मी हे वाटणार नाही."

"अगं, आबांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

भिंतीला टेकले, पण कॅनजवळून हलले नाही.

मग घरोघर फिरले. कितीतरी घरांनी दार लावून घेतलं. एकीने हात जोडले, "आमले यामा नको वढू." मला राग आला नाही. चार दिवसांपूर्वी मी तीच होते. कमलची आई आली. आणखी चौघी आल्या. आम्ही धुळ्याला भेसळ तपासणाऱ्या ऑफिसात गेलो. अर्जावर चार सह्या, दोन अंगठे. तिथले साहेब येऊन कॅनमधलं दूध सीलबंद करून घेऊन गेले. निकाल यायचा आहे.

आबांनी मला कामावरून काढलं. निरोप गुरुजींकरवी पाठवला.

भीती गेलेली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की अजून हात कडीकडे जातो. पण कॅन यायच्या वेळेला आम्ही सहाजणी शाळेच्या फाटकाशी उभ्या असतो. झाकण आमच्यासमोर उघडायचं. वास आला तर कॅन आत जाणार नाही. मला ओढून बाजूला केलं तर कमलची आई उभी राहील. तिला ओढलं तर तिच्यामागची.

उद्याही जाणार आहे. घाबरत जाईन. पण जाईन.